रेडीमेड रोच बिन किट: टब फक्कड, हीटिंग बोगस

आधीच मार्क सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे, पाचपैकी तीन. टब आणि झाकण एक नंबर, हीटिंगला भोपळा, बाकी सामान ठीकठाक. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी खाली सविस्तर लिहितोय, कारण पाळीव सरड्यांना खायला घालायची झुरळं घरीच वाढवण्याच्या या किटवरचे बहुतेक रिव्ह्यू "पॅकिंग छान होतं, डिलिव्हरी वेळेवर" इथेच संपतात आणि त्यावरून आत झुरळं जगणार की मरणार हे काही कळत नाही.

किटमध्ये काय येतं तर एक मोठा काळा टब, जाळी बसवलेलं झाकण, हीट मॅट, थर्मोस्टॅट, पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे, खाण्याची एक बशी, वॉटर जेलचं पाकीट, कोरड्या खाद्याची पिशवी, चाळणी आणि छोटं मॅन्युअल. झुरळं वेगळी घ्यावी लागतात. घरी झुरळं पाळायची म्हटल्यावर बाकीच्यांची समजूत कशी काढायची तेही तुमचं तुम्हीच बघायचं, मॅन्युअलमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

मी यात डुबिया जातीची झुरळं ठेवलीत. बियर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको वगैरे सरडे पाळणारे बहुतेक लोक शेवटी डुबियावरच येतात आणि त्याला कारणं आहेत, रातकिड्यांसारखी रात्रभर किरकिर नाही, वास कमी, उड्या मारत नाहीत, आणि मुख्य म्हणजे गुळगुळीत भिंत यांना चढता येत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली, सावकाश वाढणारी, उष्णता मिळाली नाही तर पिल्लं देणं जवळपास बंदच करणारी. घरात ओट्याखाली जे जर्मन झुरळ फिरतं त्याची गोष्टच वेगळी, ते काचही चढतं आणि त्याची वाढही भराभर होते. म्हणून एखादं डुबिया पळालं तरी ते घरात बस्तान बसवेल ही शक्यता फार कमी, तरी हवा कायम गरम आणि दमट असेल तर अगदीच बिनधास्त राहू नका. शिवाय काही ठिकाणी डुबिया पाळायला कायद्यानेच बंदी आहे, ते मागवण्याआधी तपासा.

आता टब. काळा, आरपार न दिसणारा, आणि हे दिसायला बरं म्हणून नाही तर झुरळांना अंधार लागतो म्हणून. पारदर्शक डब्यात ती सारखी दबकून बसतात, कमी खातात. आतली भिंत खरंच आरशासारखी गुळगुळीत आहे, हे मी बोट फिरवून नाही तर एक मोठा नर भिंतीला लावून बघितलं, त्याने पुढचे पाय मारले, घसरला, पुन्हा मारले, पुन्हा घसरला आणि मग नाद सोडून ट्रेखाली गेला. बऱ्याच साध्या स्टोरेज टबांच्या कोपऱ्यांत खरबरीत टेक्स्चर असतं किंवा वापरून वापरून ओरखडे पडतात आणि तिथे पिल्लांना पकड मिळते, मग वरच्या कडेला रुंद पारदर्शक पॅकिंग टेप लावत बसावी लागते. इथे ती गरज पडली नाही. फक्त ट्रे भिंतीच्या काठापर्यंत उंच रचू नका, गुळगुळीत भिंतीचा मग काय उपयोग.

झाकणाला दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि त्यांना स्टीलची बारीक जाळी, प्लॅस्टिकची नाही. हे ज्याने डिझाईन केलं त्याने झुरळं पाळली असणार. प्लॅस्टिकची किंवा नायलॉनची जाळी झुरळं कुरतडतात, आणि बाहेरचे पाहुणे आत येतात ते वेगळंच. जाळी मोठी असण्याचा फायदा लगेच कळत नाही, तो दमट दिवसांत कळतो. झाकणाला चार भोकं पाडलेल्या डब्यात भिंतीवर आतून पाणी धरतं, लेंड्या ओल्या होतात, बुरशी येते, धान्यातले बारीक किडे होतात आणि कॉलनी बसते. कोरडेपणाने डुबिया हळूहळू त्रासतात पण ओल आणि बुरशीने पटापट मरतात. इथे हवा खेळती राहते, हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर ४० ते ६० टक्क्यांत आरामात राहतो, फारच कोरडं झालं तर मी एका खिडकीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकतो, बस.

अंड्यांचे ट्रे चांगले जाड आहेत, पण मॅन्युअलमधल्या चित्रात ते आडवे एकावर एक ठेवलेत. तसं करू नका. उभे ठेवा, पुस्तकं कपाटात ठेवतो तसे. आडव्या ट्रेच्या प्रत्येक खळग्यात लेंड्या साठत जातात, उभे ठेवले की सगळं खाली पडतं, झुरळं स्वच्छ राहतात आणि एक ट्रे उचलून झटकला की हवी तेवढी काढता येतात.

आता हीटिंग. इथे सगळी गोची आहे. मॅट टबाच्या बुडाला बाहेरून आधीच चिकटवून येते आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि टब यांच्या मधोमध सरकवलेला असतो, म्हणजे तो मोजतो मॅटचं तापमान, झुरळं जिथे बसतात तिथलं नाही. डिस्प्लेवर ३२ दिसतं आणि आपण खूष. मी वेगळा थर्मामीटर ट्रेच्या मधल्या उंचीवर टांगला तर तिथे जेमतेम २५. डुबियाला चांगली पिल्लं द्यायला साधारण २८ ते ३३ अंश लागतात, पंचवीसला ती जगतात, खातात, पण माद्या थंडावतात आणि मग लोक म्हणतात की विकणाऱ्याने म्हाताऱ्या माद्या दिल्या. बरं, वरचं तापमान वाढवायला सेटिंग चढवलं तर बूड तापतं. बुडाशी लेंड्यांचा थर असतो, तो उष्णता धरून ठेवतो, आणि सगळ्यात लहान पिल्लं नेमकी त्याच थरात लपलेली असतात. वरची गारठतात, खालची वाळतात. शिवाय टबाला पाय नाहीत, म्हणजे मॅट टेबलाला चिकटून दाबली जाते, खालून हवा जायला जागाच नाही, आणि वीज जोडलेली वस्तू अशी दाबून ठेवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

उपाय सोपा आहे पण तो आपण करायचा. मॅट सोलून काढली आणि मागच्या भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर बाहेरून लावली, एकाच बाजूला, म्हणजे टबाचं एक टोक गरम आणि दुसरं जरा गार राहतं आणि कुठे बसायचं ते झुरळं स्वतः ठरवतात. सेन्सर आत घेतला, गरम बाजूच्या ट्रेच्या उंचीवर. त्यानंतर मॅट जवळपास निम्माच वेळ चालू असते आणि ट्रेमध्ये ३०-३१ स्थिर. थर्मोस्टॅट स्वतः वाईट नाही हो, त्याला बिचाऱ्याला चुकीच्या जागी बसवलंय.

आणि ते भोक! सेन्सरची वायर आत घ्यायला टबाच्या बाजूला एक भोक आधीच पाडलंय, चांगली गोष्ट, पण ते पाडलंय बुडापासून दोन बोटांवर आणि वायरपेक्षा चांगलं दुप्पट रुंद. नुकतं जन्मलेलं डुबियाचं पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं असतं. गुळगुळीत भिंत त्याला चढता येत नाही हे कबूल, पण दोन बोटं उंचीवर जायला लेंड्यांचा ढीग किंवा टेकलेला ट्रे पुरतो. रबरी बूच किंवा ग्रोमेट दिला असता तर काय बिघडलं असतं? मी सिलिकॉनने बुजवलं आणि ते पूर्ण वाळून वास गेल्यावरच झुरळं सोडली. हेच भोक वरच्या कडेला पाडलं असतं तर ही भानगडच नव्हती.

खाद्याची पिशवी मी वापरली नाही. लेबलवर पहिला घटक फिशमील आणि प्रोटीन पस्तीस टक्के. झुरळांना जास्तीचं प्रोटीन दिलं की ती नायट्रोजन युरिक अ‍ॅसिडच्या रूपात अंगातल्या चरबीत साठवतात, त्याच चरबीतल्या खास पेशींत ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू असतात ते पुढे हाच साठा वापरतात, झुरळाच्या दृष्टीने उत्तम सोय, पण ते झुरळ खाणाऱ्या सरड्याच्या दृष्टीने नाही, म्हणून मांजराचं किंवा कुत्र्याचं खाद्य रोजचं म्हणून देणं जाणकार टाळतात. दळलेली धान्यं, ओट्स, कोंडा हा कोरडा भाग, आणि ओलं म्हणून गाजर, भोपळा, हिरवा पाला, मधूनमधून संत्रं. संत्र्यावर तर तुटून पडतात, फोडीचं नुसतं पारदर्शक साल उरतं. सगळं धुऊन द्या, कीटकनाशकाचा अंश राहिला तर तुम्ही पाळलेत कीटकच हे विसरू नका. आणि ओलं खाणं दुसऱ्या दिवशी उचला.

वॉटर जेल मात्र कामाचं. उघड्या बशीत पाणी ठेवलं तर पिल्लं बुडतात, जेलमध्ये नाही. बशी लेंड्यांपासून लांब ठेवा, नाहीतर दोन दिवसांत चिखल.

मॅन्युअलमध्ये एक वाक्य आहे की "एका महिन्यात तुमची कॉलनी खाद्य देऊ लागेल". हे वाचून कोणी खाद्यासाठी झुरळं विकत आणणं बंद केलं तर सरडा उपाशी मरेल. हिशोब बघा ना, मादी पिल्लं पोटात वाढवते आणि त्याला चांगल्या उष्णतेत दोन महिन्यांच्या आसपास लागतात, एका वेळी साधारण वीस-तीस पिल्लं, आणि पिल्लाचं मोठं झुरळ व्हायला आणखी चार ते सहा महिने. म्हणजे सहा ते आठ महिने कॉलनीला हात न लावणं उत्तम. नर-मादी ओळखणं सोपं, मोठ्या नराला पूर्ण पंख, मादीला नुसते आखूड ठोंब, एका नरामागे तीन ते पाच माद्या पुरतात, जादा नर आधी खायला घालायचे.

एक गोष्ट मॅन्युअलमध्ये असायलाच हवी होती आणि नाही. कधीकधी मादीच्या मागून पिवळट, लांबट, आडव्या रेघा असलेली पिशवी बाहेर आलेली दिसते. घाबरू नका, तोंडाने "मेली" म्हणू नका, ती अंड्यांची पिशवी बाहेर काढून फिरवून परत आत घेते, तासाभराने बघाल तर काही झालंच नाही अशा थाटात गाजर खात असेल. मात्र तशा पिशव्या टबात खाली पडलेल्या सापडायला लागल्या तर काहीतरी बिघडलंय, गर्दी, कोरडेपणा, सारखी हाताळणी किंवा तापमानाची घसरगुंडी. हीटिंग बदलण्याआधी मला त्या सापडत होत्या, आता नाही. तसंच पांढरंशुभ्र, काळ्या डोळ्यांचं झुरळ दिसलं तर ते आजारी नाही, नुकतीच कात टाकलीय, काही तासांत तपकिरी होतं. तेवढा वेळ त्याला छेडू नका, अंग अजून मऊ असतं. (गेकोला मात्र तेच सगळ्यात जास्त आवडतं.)

चाळणी बऱ्यापैकी बारीक आहे, लेंड्या खाली आणि पिल्लं वर राहतात, पण अगदी ताजी पिल्लं निसटतात, म्हणून चाळलेला चुरा लगेच फेकू नका, वेगळ्या डब्यात काही दिवस गाजराच्या तुकड्याबरोबर ठेवा, उरलीसुरली गाजरावर गोळा होतात. टाकण्याआधी चुरा फ्रीजरमध्ये ठेवला म्हणजे कोणी जिवंत बाहेर जात नाही. साफसफाई मास्क आणि हातमोजे घालूनच करा, झुरळाच्या लेंड्यांची आणि कातींची धूळ हा नामांकित अ‍ॅलर्जीकारक पदार्थ आहे, दमा असेल तर हा छंदच दुसऱ्याकडे सोपवा. कंपनीने हजार गोष्टी बॉक्समध्ये कोंबल्या, एक साधा मास्क घातला नाही.

हाच टब रेड रनर जातीच्या झुरळांसाठी चालेल का? चालेल, भिंत तीही चढत नाहीत, पण ते भोक बुजवल्याशिवाय स्वप्नातही नको. ती वाऱ्यासारखी पळतात, अंड्यांच्या कुप्या कुठेही टाकतात आणि बाहेर टिकतात, अमेरिकेत १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सापडली आणि आज तिकडच्या नैऋत्य भागात घराबाहेर मजेत पसरलीत. लॉब्स्टर रोच किंवा हिसिंग कॉक्रोच घेणार असाल तर हे किट नकोच, ती काचही चढतात.

तर घ्यावं का? ज्यांना ड्रिल, जाळी आणि ग्लू गन हातात धरायचा कंटाळा आहे त्यांनी घ्यावं, मॅट हलवावी, भोक बुजवावं, खाद्य फेकावं. ज्यांना दुपारभर खटपट करायला आवडते त्यांनी साधा काळा टब आणि चांगला थर्मोस्टॅट वेगवेगळा घ्यावा, तेच होतं.

मॅटच्या जागेबद्दल मी कंपनीला सविस्तर मेल केला होता, दोन्ही ठिकाणच्या तापमानाच्या फोटोंसकट. उत्तर आलं, "कृपया मॅन्युअलमधलं हीटिंगचं पान पाहावं." पाहिलं. त्या पानावर बुडाला चिकटवलेल्या मॅटचा मोठा रंगीत फोटो आहे.