केमोच्या काळातली फोनवरची प्रश्नावली: पावसाळ्यापासून रंगपंचमीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मागून. कॅन्सरच्या उपचारात दर आठवड्याला फोनवर भरायची प्रश्नावली तुमच्या हॉस्पिटलात असेल तर घ्या. फक्त घेण्याआधी सिस्टरना विचारा, आम्ही भरलेलं वाचतं कोण आणि ती व्यक्ती रजेवर गेली की कोण वाचतं. उत्तर देताना त्या अडखळल्या तर फार आशा ठेवू नका.

मी इंदूरची, सुदामानगरात राहते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. पावसाळ्यात केमो लागली: आधी तीन-तीन आठवड्यांनी ते लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, सोबत सायक्लोफॉस्फामाइड, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, शेवटी रेडिएशन. पहिल्या केमोच्याच दिवशी सिस्टरनी माझ्या फोनवर लिंक टाकून दिली. वेगळे पैसे नाहीत. हिंदी, इंग्रजी, मराठी यांतली भाषा निवडता येते, मी मराठी घेतली.

प्रश्नावली दोन आहेत. दर रविवारी संध्याकाळी येते ती छोटी: मळमळ, उलटी, जुलाब, तोंड येणं, थकवा, दुखणं, हातापायांना मुंग्या, झोप, भूक, मन उदास असणं वगैरे. प्रत्येकापुढे ‘अजिबात नाही’पासून ‘अतिशय’पर्यंत पाच पायऱ्या. चहा गार व्हायच्या आत भरून होते. महिन्यातून एकदा मोठी येते, तीस प्रश्नांची. ही कोण्या ॲपवाल्याने घरी बसून रचलेली नाही. युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर-संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० म्हणतात ती हीच, १९९३ सालची. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी तिची हिंदी आणि मराठी रूपं डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तपासून २००५मध्ये निष्कर्ष छापले होते. जड पिशवी उचलता येते का इथपासून पेपर वाचताना लक्ष लागतं का इथपर्यंत सगळं विचारतात, आणि शेवटी एकंदर तब्येतीला आणि जगण्याला एक ते सात यांत गुण द्यायचे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे इंदूरच्या मिरवणुकीतले देखावे, त्या वर्षी बाहेर न जाता टीव्हीवर बघितल्या, तेव्हा लोकांत मिसळण्याच्या प्रश्नापुढे काय खूण करायची हे विचारायला कोणाकडे जावं लागलं नाही.

आता पहिली खरी तक्रार, रविवारची. माझी केमो बुधवारी असायची. त्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे पाचवा दिवस: तोंडाला लोखंडाची चव, पोहे समोर आले की नको वाटायचं. (इंदूरात पोहे नको वाटणं हे पाच पायऱ्यांत बसत नाही.) दुसऱ्या रविवारी बारावा दिवस, या औषधात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तोंड आलेलं असतं. तिसऱ्या रविवारी मी बऱ्यापैकी माणसात. ॲप मात्र या रविवारची तुलना मागच्या रविवारशी करतं आणि तिसऱ्या आठवड्यात हिरवा बाण दाखवून ‘सुधारणा’ म्हणतं. कसली सुधारणा, पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. दिवाळीच्या महिन्याची विक्री कोणी पितृपक्षाशी ताडून बघत नाही. जन्मभर हिशेबाच्या कामात गेल्यामुळे मी वहीत प्रत्येक केमोनंतरचा पहिला रविवार एका ओळीत, दुसरा दुसऱ्या ओळीत असं मांडलं. तेव्हा दिसलं की मळमळ प्रत्येक फेरीला कमी होते आहे, थकवा मात्र चढतो आहे. डॉक्टरांनी वही बघितली आणि सिस्टरना म्हणाले, “इनका चार्ट ऐसे ही देखा करो।” केमोची तारीख ॲपमध्ये घालायची सोय अजूनही नाही. तुम्ही भरणार असाल तर ही वही ठेवाच.

खरा उपयोग झाला पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी. मुंग्यांबद्दल दोन प्रश्न असतात, किती आहेत आणि रोजच्या कामात किती आड येतात. पहिल्याला मी बरेच आठवडे ‘थोड्या’च लिहीत होते, कारण दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र थांबावं लागलं. ब्लाउजचे हूक लागत नव्हते, साडीची पिन बोटात धरली आहे की नाही ते कळत नव्हतं. तिथे ‘बरंच’ अशी खूण गेली. डॉक्टरांसमोर बसले असते तर हूक ही सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नसतं. आपण तिथे रिपोर्ट आणि पुढची तारीख एवढंच बोलतो. दुसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला, “दीदी, चलते समय चप्पल निकल जाती है क्या?” निघत होती. मी तोवर दोष चपलेला देत होते. त्या आठवड्याचं औषध थांबवलं, पुढे मात्रा कमी केली. या औषधाचा नसांवरचा परिणाम साठत जातो आणि उपचार संपल्यावरही मागे राहू शकतो, म्हणून तो वेळीच कळणं महत्त्वाचं, असं डॉक्टरांनी समजावलं. माझ्या पायाच्या अंगठ्यांत अजून थोडं आहे. बोटं सुटली, हूक लागतात.

सिस्टरना ते कळलं कसं? एखादा त्रास दोन पायऱ्या चढला किंवा वरच्या दोन पायऱ्यांवर गेला की त्यांच्याकडे लाल खूण येते. ही पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये इथन बॅश आणि सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवर वापरली होती. २०१७मध्ये आलेले निकाल असे, की प्रश्नावली भरणाऱ्यांतले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीने बघितलेल्यांतले निम्मे २६ महिन्यांहून. तिथे खुणा आल्यावर नर्सेसनी चारांतल्या तीनांहून जास्त वेळा काही ना काही केलं होतं, हे मला त्या महिन्यांच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. पुढे अमेरिकेतल्याच ५२ केंद्रांवर ११९१ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्यात रुग्णांचं जगणं सुसह्य झालेलं दिसलं, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. म्हणून ‘ॲप भरा, जास्त जगा’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. हूक लागणं एवढं मिळालं तरी मला पुरे होतं.

दिवाळीत उलटा अनुभव आला. जुलाबांची खूण ‘अतिशय’च्या लगेच खालच्या पायरीवर गेली, रविवार गेला, सोमवार गेला, फोन नाही. आमच्या सिस्टर गावी गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी त्या पडद्यासमोर कोणीच बसलं नव्हतं. शेवटी ह्यांनी थेट वॉर्डात फोन लावला. ॲपवर मात्र तेव्हाही ‘तुमची माहिती आमच्या टीमला मिळाली आहे’ असं झळकत होतं. हे वाक्य माणूस नसताना दिसता कामा नये.

तापाचं वेगळं सांगते. केमोत १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला की रविवारची वाट बघायची नाही, प्रश्नावली उघडायचीही नाही. त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं, मग रात्रीचे दोन का असेनात. मला एकदा तसं जावं लागलं. पेशी फार खाली होत्या, शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. ही सूचना ॲपमध्ये आहे, पण तळाशी, बारीक अक्षरांत.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ओपीडीत एक टॅबलेट ठेवला आहे. तिथे जे दिसतं त्याने मात्र जीव खालीवर होतो. खरगोन, बडवानीकडून आलेल्या बाया, सोबत मुलगा किंवा दीर. तो मुलगा भरल्या हॉलमध्ये आईला विचारतो, “पेट साफ होता है? मन उदास रहता है?” आई म्हणते, “सब ठीक है बेटा।” तो सगळीकडे ‘अजिबात नाही’ लावून मोकळा. आता न्यूयॉर्कच्या त्याच अभ्यासात ज्यांनी आधी कधी कॉम्प्युटर वापरला नव्हता त्यांना फायदा जास्त झाला होता, म्हणजे या बायांनाच त्याची जास्त गरज आहे. एका सकाळी सिस्टरनी अशाच एका मावशींना पडद्याआड नेलं आणि प्रश्न स्वतः वाचून दाखवले. पंधरा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर मावशींच्या फाइलीवर दुखण्याच्या गोळ्या वाढवल्याची चिठ्ठी होती. त्या पंधरा मिनिटांसाठी एक माणूस जास्त नेमला तर टॅबलेटचे पैसे वसूल होतील.

घरात फोन सगळ्यांच्या हातात असतो, हीही अडचण आहे. मोठ्या प्रश्नावलीला स्तनाच्या कॅन्सरची २३ प्रश्नांची पुरवणी असते. मी मागितल्यावर ती सुरू केली, कारण हाताची सूज आणि खांद्याचं दुखणं मूळ तीस प्रश्नांत येत नाही. त्यात आरशात बघवतं का, शरीरसंबंधांची इच्छा होते का, असेही प्रश्न आहेत. ते सोडून पुढे जाता येतं. मी फोनला वेगळा पिन लावला. पुण्याहून मुलगी म्हणाली, “आई, मला पण दिसू दे ना.” तिला नाही म्हटलं. तिला दिसणार असतं तर मी निम्मं खोटं लिहिलं असतं.

एक प्रश्न मला अजून खटकतो, उपचारामुळे पैशाची अडचण झाली का हा. दर महिन्याला मी तिथे ‘बरीच’ लिहिलं आणि दर महिन्याला काहीही झालं नाही, कारण त्या उत्तराला लाल खूण जोडलेलीच नाही. उलटीला फोन येतो, कर्जाला येत नाही. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात हे माहीत नसलेली माणसं त्याच हॉलमध्ये बसलेली असतात, आणि समाजसेवा विभाग एक मजला खाली. तेवढी एक तार जोडायला काय हरकत आहे?

रंगपंचमीच्या आधी रेडिएशन संपलं. गेरला, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीला, गेले नाही, गच्चीतून आवाज ऐकला. आता रोज लेट्रोझोलची, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोन कमी करणारी, गोळी आहे आणि प्रश्नावली महिन्यातून एकदाच येते. सकाळी उठल्यावर बोटं आणि गुडघे आखडतात, हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास. त्याचा वेगळा प्रश्न यादीत नाही, म्हणून मी खालच्या मोकळ्या चौकटीत लिहिते. मागच्या वेळी सिस्टरनी फोन करून किती वेळ आखडलेलं राहतं ते विचारलं आणि व्यायामाचा कागद पाठवला. दिवाळीपासून रजेच्या दिवसांसाठी दुसऱ्या सिस्टरचं नावही ठरवून ठेवलंय म्हणे, गणपतीत कळेल.