‘सीलबंद’ बॅटमोबाइल किटच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुन्या मालिकांमधील मोटारींची स्केल मॉडेल्स बांधणाऱ्या मंडळींना न उघडलेल्या जुन्या किटची (जोडायच्या भागांच्या संचाची) ओढ असते आणि तीच हेरून मला समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याने अठरा हजार रुपयांना फसवले. हा प्रकार इतरांच्या बाबतीत घडू नये, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

मला बांधायची होती ती १९६६ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘बॅटमन’ मालिकेतील बॅटमोबाइल. इटलीतील तूरिनच्या घिया कारखान्यात १९५५ साली तयार झालेल्या लिंकन फ्यूचुरा या एकमेव प्रायोगिक गाडीला जॉर्ज बॅरिस यांनी हे रूप दिले. मूळ गाडी २०१३ साली लिलावात ४६ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली, यावरून तिच्याविषयीचे वेड लक्षात यावे. मालिका सुरू झाली त्याच वर्षी ऑरोरा कंपनीने तिचे १:३२ प्रमाणातील प्लॅस्टिकचे किट काढले होते. तेच किट, तेही सीलबंद, आपल्याकडे असल्याचे विक्रेत्याने सांगितले.

आतील भागांचे फोटो मागितले, तेव्हा वेष्टन फाडल्यास किंमत निम्म्यावर येईल, असे त्याचे उत्तर आले. जुन्या किटच्या बाजारात हे खरेही आहे आणि फसवणुकीचे मर्म नेमके इथेच आहे, कारण तपासणी नाकारण्याचे कारण रास्त असल्याने संशयाला जागाच उरत नाही. पूर्ण रक्कम त्याने यूपीआयने आगाऊ घेतली. ही गाडी चकाकत्या काळ्या रंगाची आहे आणि पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकर हा चकचकीत रंग फवारल्यास त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून आपल्याकडे असे काम पाऊस सरेपर्यंत लांबणीवर टाकतात. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक होते. ‘दिवाळीनंतरच उघडा,’ असा आग्रह त्यानेच धरला आणि मी खोके उघडले, तोवर त्याचे खाते व क्रमांक दोन्ही बंद झाले होते.

आत निघाली ती रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रवाची नक्कल. साच्यात दाबून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या किटमध्ये भाग चौकटीला जोडलेले असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूस साच्यातील खुंट्यांच्या गोल खुणा दिसतात. इथे भाग सुटे होते, खुणा नव्हत्या आणि कडांना हवेचे बारीक बुडबुडे होते. प्लॅस्टिक सिमेंट हे चिकटद्रव्य अशा किटचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून जोड पक्का करते, पण या भागांवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. मूळ गाडी सुमारे पावणेसहा मीटर लांब असल्याने १:३२ प्रमाणात ती १८ सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवी, तर हा सांगाडा काही मिलिमीटर आखूड होता, कारण अस्सल भागावरून साचा घेऊन ओतलेले रेझिन सुकताना आकसते. या गाडीची ओळख असलेल्या दोन घुमटाकार पारदर्शक काचा तर चक्क धुरकट होत्या. रेझिनचे किट म्हणून उघडपणे विकणारे प्रामाणिक कारागीर आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यामुळे अस्सल म्हणून नक्कल खपवण्याचा मला अधिकच संताप येतो.

पारदर्शक वेष्टन साध्या गरम हवेने कोणालाही घरी चढवता येते, तेव्हा सीलबंद असणे हा अस्सलपणाचा पुरावा मानू नये. ज्यांना किट जपून न ठेवता बांधायचेच आहे, त्यांनी उघडलेले पण पूर्ण किट मागावे आणि पैसे देण्यापूर्वी चौकटीसह सर्व भाग मांडून, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला व्हिडिओ घ्यावा. केवळ बॅटमोबाइल हवी असेल, तर पोलर लाइट्स या कंपनीचे १:२५ प्रमाणातील नवे किट घेणे उत्तम.

मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली असून बँकेलाही लेखी कळवले आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. खोके, वेष्टन, सर्व भाग आणि विक्रेत्याशी झालेले संभाषण मी जसेच्या तसे जपून ठेवले आहे. ज्यांना असेच किट आले असेल, त्यांनीही यातील काहीही टाकून न देता त्वरित तक्रार करावी.