एमएस: रोजची गोळी की सहा महिन्यांनी सलाईन?

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घकाळ चालणारा आजार. फिंगोलिमॉड ही त्याला आवर घालणारी अमेरिकेतली पहिली गोळी. तिला तिथे 2010 मध्ये मान्यता मिळाली. रोज एक घ्यायची, सुईची कटकट नाही. पण पहिल्या गोळीनंतर हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सहा तास नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवतात. तीन-चार महिन्यांनी डोळ्यांचा पडदा तपासायचा. मुख्य म्हणजे गोळी मनाने बंद केली तर आजार जोरात उसळू शकतो. गोळ्या विसरण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, लाजू नका. गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

ऑक्रेलिझुमॅब (मान्यता 2017) शिरेतून देतात: पहिला डोस दोन आठवड्यांच्या अंतराने विभागून, मग दर सहा महिन्यांनी 600 मिलिग्रॅम. आधी हेपॅटायटिस बी तपासतात. सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसमध्येही ते दिलं जातं. फिंगोलिमॉड तिथे उपयोगी ठरलं नाही. आजार आक्रमक असेल तर माझा कल ऑक्रेलिझुमॅबकडेच.

जंतुसंसर्गाची भीती दोन्हींत आहे, त्यामुळे लसी आधी उरका. काहीही निवडा, थकवा, चालणं, नजर यांची मोबाइल ॲपवर तारखेसह नोंद ठेवा. दोन एमआरआयच्या मधल्या काळात काय बिघडलं, हे न्यूरोलॉजिस्टला त्यातूनच कळतं.