चक विकत घ्यायचा की खोबणी कातायची?

लेथवर लाटणं कातायला चक, म्हणजे लाकूड एका टोकाला जबड्यांत धरून फिरवणारी पकड, लागत नाही. लेथच्या दोन टोकांच्या अणकुचीदार सेंटरांत अडकवलं की झालं. अडतं ते ड्रॉवरच्या मुठीपाशी, भोवऱ्यापाशी, नाहीतर बांधावरून उचलून आणलेल्या बाभळीच्या गाठीपाशी. मुठीच्या तोंडावर टेलस्टॉकचं, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराचं, भोक नको असतं, आणि गाठीला तर धरायला सरळ बाजूच नसते. मग माणूस थेट चार जबड्यांच्या चकची किंमत विचारायला निघतो. जरा थांबा.

चारही जबडे एकदम सरकणारा चक गोल आणि चौरस, दोन्ही लाकूड मधोमध धरतो. एकाच मापाच्या वीस मुठी करायच्या असतील तर तोच घ्या. मागे ५-६ मिमीचा खुंट काढायचा, खुंटाचा खांदा जबड्यांच्या तोंडावर टेकला पाहिजे, टोक चकच्या तळाला लागता कामा नये. पण घासून तयार झालेली वस्तू उलटी धरली की जबड्यांचे वळ उठतात. आणि वाकड्या गाठीला चारातले दोनच जबडे टेकतात. एकेक जबडा वेगळा सरकणारा चक गाठ धरतो खरा, पण बाहेर आलेले जबडे फिरताना दिसत नाहीत. बोटं आपली आहेत.

छोट्या गोल वस्तूला माझी पसंती लाकडाच्या खोबणीला. आंब्याचा ठोकळा फेसप्लेटवर, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर, स्क्रूनं बसवायचा आणि त्यात वस्तूच्या मापाची, आत किंचित निमुळती होत जाणारी खोबणी कातायची. भोवरा अंगठ्यानं दाबला की 'चुक्' असा आवाज करून बसला पाहिजे. सैल झाला तर खोबणीच्या काठाला ओलं बोट फिरवा, लाकूड फुगून पकडतं. तरी हलला तर टिश्यू पेपरचा एक पदर घाला. ठोकळ्याला मागून आरपार भोक आधीच पाडा, नाहीतर घट्ट बसलेला भोवरा काढताना शिव्या येतात. खर्च जवळजवळ शून्य, पण दर मापाला नवी खोबणी आणि कातताना हात हलका.

ग्लू-गनचा गरम डिंक झटपट चिकटतो म्हणून मोह होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वर पत्र्याचं छप्पर. अशाच एका दुपारी डिंक मऊ पडून मूठ उडाली, ती थेट माठावर. तेव्हापासून तो प्रकार थंडीपुरता.

हवा ओढून वस्तू धरणाऱ्या व्हॅक्यूम चकचं वेड बारीक कामासाठी घेऊ नका. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. ५ सेंमी व्यासाच्या तळाला पूर्ण निर्वात केलं तरी पकड जेमतेम २० किलोची. २५ सेंमीच्या वाडग्याला तीच पंचवीसपट होते, तिथे तो शोभतो.

बाभळीच्या गाठीला मी डिंक आणि कागदच वापरतो. एक बाजू रंध्यानं सपाट करायची, ठोकळा आणि गाठ यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा तुकडा, दोन्हीकडून फेव्हिकॉल, शिकंजा आवळून रात्रभर ठेवायचं. सकाळी लेथ चालू करण्याआधी हातानं एक फेरा फिरवून गाठ कुठे अडत नाही ना ते बघा, आणि सुरुवात सगळ्यात कमी वेगावर. काम झाल्यावर कागदाच्या रेषेवर पटाशी टेकवून हलकी टपली मारली की कागद मधूनच फाटतो. अर्धी बातमी गाठीला, अर्धी ठोकळ्याला.