‘डॉग फ्रेंडली’ फिल्टरच्या भरवशावर वर्षभर डोंगर फिरलो, मी आणि मटकी : ५ पैकी अडीच स्टार

आधीच सांगते, ट्रेकच्या वाटा दाखवणाऱ्या या ॲपचं नाव लिहीत नाहीये. परदेशी आहे, ट्रेकवाले बरेच जण वापरतात, ओळखणारे ओळखतील. मी ऐरोलीला राहते आणि मटकी ही माझी तीन वर्षांची इंडी, म्हणजे देशी कुत्री, वजन १४ किलो, रंग मोड आलेल्या मटकीसारखा म्हणून नाव मटकी. सोसायटीच्या गार्डनमध्ये कुत्र्यांना बंदी, सर्व्हिस रोडवर ट्रक, त्यामुळे रविवारी हिला कुठेतरी मोकळं पळवावं म्हणून गेल्या दिवाळीत या ॲपचं वर्षाचं पेड घेतलं. त्या पैशात हिचं महिनाभराचं चिकन-भात आलं असतं हे आईने तेव्हाच ऐकवलं होतं.

पेड का घेतलं, तर नेट नसताना मॅप चालतो म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्यात एक फिल्टर आहे, कुत्र्याचा पंजा काढलेला, तो दाबला की आजूबाजूच्या फक्त ‘डॉग फ्रेंडली’ वाटा दिसतात. ठाणे आणि नवी मुंबई टाकून दाबलं तर मॅपवर पंजेच पंजे. मी इतकी खूश झाले की लगेच लाल रंगाचा हार्नेस पण मागवला.

पहिला रविवार येऊर. घरून जवळ, सावली भरपूर, ॲपवर पंजा, ‘सोपी’ असा शिक्का. सकाळी साडेसहाला गेटवर पोचलो, रिक्षावाल्याला सीटवर चादर टाकून आणि वर पन्नास रुपये देऊन पटवलेलं. गेटवरचे दादा मटकीकडे बघून हसले, तिला चुचकारलं पण, आणि म्हणाले, “मॅडम, ही लय गोड हाय पण आत नाय चालणार.” मी ॲप दाखवलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन नीट बघितलं आणि विचारलं, “हे कोणी लिहिलंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरोबरच होतं त्यांचं. येऊरचं जंगल म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्कची ठाण्याकडची बाजू, शंभरेक चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात बिबटे आहेत आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं आहे. नियम बाजूला ठेवा, मला स्वतःलाच हे आधी सुचायला हवं होतं, पण पंजा बघितला आणि डोकं घरी ठेवून निघाले.

दुसरा पंजा कर्नाळ्याला. यावेळी शहाणी झाले होते, आधी चौकशी केली. पक्षी अभयारण्य, १९६८ पासूनचं, गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट घेतात तिथे कुत्रा कोण सोडणार. तिसरा पंजा तर माझ्या घरामागेच, खाडीकिनारी, ‘सपाट, निसर्गरम्य’. ते ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ ला जाहीर झालेलं. हिवाळ्यात हजारो पक्षी चिखलात चरत असतात आणि मटकी कबुतर दिसलं तरी दोरी तोडते. नकोच ते.

तिसऱ्या वेळी लक्षात आलं की ॲपला हिरवं दिसलं की ते वाट समजतं आणि मुंबईच्या आसपास जे हिरवं उरलंय ते बहुतेक कुठल्या तरी कायद्याने राखलंय म्हणूनच उरलंय. नॅशनल पार्क आणि अभयारण्यांचे नियम १९७२ च्या वन्यजीव कायद्यातून येतात, तिथे पाळीव कुत्रा घेऊन जाणं हा आपला हक्क नाही. ॲपवाल्यांच्या देशात पट्टा बांधला की काम झालं असावं, इथे पट्टा हा शेवटचा प्रश्न आहे. आधीचा प्रश्न, जमीन कोणाची.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. मी विचार केला की पंजा आहे म्हणजे कोणीतरी कुत्रा नेला असेल, त्याशिवाय ॲप कसं म्हणेल. म्हणून एकेका वाटेचे फोटो बघत बसले. प्रबळमाची, कलावंतीण, विकटगड, सगळीकडे कुत्र्यांचे फोटो होते. पट्टा एकाच्याही गळ्यात नाही! सगळी गावची कुत्री. ज्यांनी सह्याद्रीत दोन-चार ट्रेक केलेत त्यांना माहिती आहे, पायथ्याच्या गावातून एक कुत्रं आपल्यासोबत निघतं, पुढे पळतं, वळणावर थांबून आपली वाट बघतं, माथ्यावर पार्ले-जी खातं आणि परत खाली सोडतं. लोक प्रेमाने त्याचा फोटो टाकतात, रिव्ह्यूमध्ये लिहितात की कुत्रा होता सोबत, मस्त वाटलं. आणि माझा पक्का संशय आहे की त्या पंजाचा उगम हाच आहे. म्हणजे वाट डॉग फ्रेंडली आहेच हो, पण तिथल्या डॉगशी.

तुमचं कुत्रं त्या गावात शिरलं की काय होतं ते मी प्रबळमाचीला बघितलं. ठाकूरवाडीतून वर चढताना पहिला तासभर मजेत गेला. माचीवर पोचायच्या जरा आधी वरच्या वळणावर तिघं उभे. भुंकले नाहीत, नुसते उभे, शेपट्या ताठ. मटकी माझ्या पायात. मी दोरी आखूड केली, दगड उचलायचा नाही, पळायचं नाही हे वाचलेलं आठवलं पण गुडघे लटपटत होते. तेवढ्यात एका घरातून मावशी बाहेर आल्या, एक हाळी दिली आणि तिघंही असे बाजूला झाले की जणू आमची वाटच बघत होते. मावशींनी चहा दिला, भाकरी-पिठलं दिलं, मटकीला ताकातला भात. वर सांगितलं, “ताई, पुढच्या टायमाला आधी फोन कर, मी यांना बांधून ठेवते. आन् कोंबड्यांकडं लक्ष दे तुझ्या वाघिणीचं.” ॲपमध्ये कुठेही कोंबड्यांचा उल्लेख नाही, मी खरं तर लिहायला हवा.

माचीच्या पुढे कलावंतिणीला आम्ही गेलो नाही. त्या कातळातल्या उंच उंच पायऱ्या, एका बाजूला दरी, माणसं बसत बसत उतरतात. विकटगडाला लोखंडी शिडी आहे, कुत्रा शिडी चढत नाही एवढं तरी पंजा काढणाऱ्याला कळायला हवं. आणि इर्शाळगडाला ॲप जी वाट दाखवतं ती अजून इर्शाळवाडीतून जाते, फोटो जुने, रिव्ह्यू जुने. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ती इर्शाळवाडी गाडली गेली, माणसं गेली. त्यावर हिरवा पंजा आणि ‘फॅमिलीसाठी छान’ बघून मला कसंतरीच झालं. इथे माझा एक स्टार गेला, तो परत येणार नाही.

मग अडीच तरी का दिले? कारण नुसता नकाशा म्हणून ॲप खरंच चांगलंय. चढाचा ग्राफ बरोबर असतो. वाट सोडून पन्नास पावलं गेलात तर फोन थरथरतो, एकदा ऐन पावसाळ्यात खारघरच्या टेकडीवर ढगात अडकलो होतो, समोरचा हात दिसत नव्हता, मटकी एका बाजूला ओढतेय आणि फोन दुसऱ्या बाजूला, शेवटी दोघांपैकी फोन बरोबर निघाला. मटकीला कुठेतरी वडापावचा वास आला असणार.

आमची आवडती जागा पण ही खारघरची टेकडीच. गंमत म्हणजे ॲपवर तिला पंजा नाही. वरपर्यंत घाटाचा रस्ता आहे, वर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे, पहाटे चालायला येणारे बरेच असतात, कोणी कुत्र्याला बघून नाक मुरडत नाही. पांडवकड्याच्या धबधब्याकडे मात्र जाऊ नका, पावसाळ्यात पोलीस बंदी घालतात आणि ती उगाच घालत नाहीत, दर वर्षी तिथे कोणी ना कोणी अडकतं.

पण इथेच मी मार्चमध्ये माती खाल्ली. ॲप म्हणालं ‘मध्यम, दोन तास’. आम्ही आळसात आठला चढायला लागलो. परत येताना नऊ-साडेनऊला मटकी एका करवंदाच्या जाळीखाली जाऊन बसली आणि उठेचना. जीभ अख्खी बाहेर, धाप अशी की बरगड्या मोजता येतील, हिरड्या लालभडक. मला आधी वाटलं नाटक करतेय, कारण ती नाटकी आहेच. मग पंजाखालचा डांबरी रस्ता हाताने चाचपला आणि हात मागे घेतला. होतं नव्हतं ते पाणी तिच्या पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं, थोडं पाजलं आणि १४ किलोचं पोतं खांद्यावर टाकून सावली सावलीने खाली आणलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना जो येतो तो नावापुरता, बाकी सगळी भिस्त धापेवर, आणि आपल्याकडच्या दमट हवेत धापसुद्धा नीट काम करत नाही. एरवी कुत्र्याचं अंग ३८-३९ डिग्री असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवावरचं काम. तेव्हापासून नियम असा, हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवायची आणि सात आकडे मोजायचे, नाही जमलं तर घरी. आणि उन्हाळ्यात आठला खाली उतरलेलं असायचं, चढायला लागायचं नाही. पग वगैरे चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर उन्हाळ्यात डोंगर विसरा.

ॲपला ऋतू कळत नाहीत हे पण लिहून ठेवते. बारा महिने तीच वाट, तोच पंजा. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत सुकलं की कुसळं होतात, आपल्या सॉक्समध्ये घुसतात तशी कुत्र्यांच्या बोटांमध्ये आणि कानात घुसतात, मटकीच्या पायात एक रुतून बसलं होतं, तीन दिवस लंगडत होती. पावसात डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, लेप्टो हा आजार उंदरांच्या मुतातून पसरतो, वर्षाच्या लशीत तो आहे का हे आधी बघा, रेबीजची तर हवीच. पावसानंतर गोचीड, घरी आल्यावर कानाच्या मागे, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली बोटं फिरवून बघायचं, टिक फीव्हर झाला की महिनाभर औषधं. दगडांखाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं आणि कुत्रं आधी नाक घालतं, म्हणून दगडांच्या राशीपाशी दोरी आखूडच.

घणसोलीच्या वरचा गवळीदेव पण ॲपवर आहे, पंजासकट, आणि तिथे एकदाचा पंजा खरा निघाला. एमआयडीसीतून जावं लागतं, तो रस्ता रटाळ, पण वर झाडी बरी आहे. फक्त सुट्टीच्या दिवशी पार्ट्यांवाले येतात, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात, त्यामुळे आम्ही मंगळवारी-बुधवारी ऑफिसच्या आधी जातो. बेलापूरचा पारसिक हिल म्हणजे बंगल्यांमधला चढाचा रस्ता, ट्रेक म्हणता येणार नाही, पण म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी चांगला.

आणि वेळ असेल तर माथेरान. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाडी जात नाही, आतल्या लाल मातीच्या वाटा पंजांना मऊ, जवळपास पूर्ण वाट सावलीत, मला आणि मटकीला एकदाही कोणी अडवलं नाही. दोनच गोष्टी, घोडे आणि माकडं. घोडा शेजारून गेला की मटकीला आपण सिंह आहोत असं वाटतं, तेव्हा रस्त्याच्या कडेला होऊन तिला बसवायचं आणि घोडेवाल्या दादांना जाऊ द्यायचं, त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो, घोडा बिथरला तर वरचा पर्यटक खाली येतो. माकडांसमोर पिशवी उघडायची नाही, यात कुत्रा-माणूस भेद नाही.

सपोर्टला मी सविस्तर मेल केला होता, येऊर आणि खाडीवरचा पंजा काढा, इर्शाळगडावर सूचना टाका, सोबत फोटो जोडले. चार दिवसांनी उत्तर आलं की आम्ही तुमच्या सूचनेची कदर करतो, आणि तुमच्या जवळच्या नवीन डॉग फ्रेंडली वाटा येथे पाहा. लिंक उघडली तर पहिलीच वाट येऊर. पुढच्या महिन्यात पैसे कापले जाणार होते, कालच कार्ड काढून टाकलं. फुकटातला मॅप ठेवलाय.

हल्ली मी काय करते, तर शनिवारी प्रबळमाचीच्या मावशींना फोन लावते. त्या सांगतात वर ऊन कसंय, पाणी आहे का, कोणाच्या कोंबड्या बाहेर आहेत. या रविवारी नको म्हणाल्यात, त्यांच्या काळीला पिल्लं झालीत आणि ती कोणाला वाटेवर उभं राहू देत नाहीये.