शरीराची ओळख हस्तकलेतून : राजारामपुरीतील एका बालकार्यशाळेविषयी

कोल्हापुरातील राजारामपुरीत उन्हाळी सुट्टीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मानवी शरीर या विषयावर हस्तकलेची कार्यशाळा भरली होती. बालवर्गाच्या दोन ताई ती घेत होत्या. माझी साडेचार वर्षांची मुलगी तिला जात असे आणि पालकांना मागे बसायची मुभा असल्यामुळे मला बरेच जवळून पाहता आले. शरीर शिकवणे म्हणजे अवयवांची नावे पाठ करून घेणे, ही आपल्याकडची जुनी सवय ताईंनी बहुतांशी दूर ठेवली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

सर्वांत उत्तम जमला तो हात. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कोपरापाशी सुतळीच्या गाठीने जोडून पुढून एक आणि मागून एक अशा दोन दोऱ्या बांधल्या होत्या. पुढची ओढली की हात वाकतो, मागची ओढली की सरळ होतो. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून एकाच कोपरासाठी जोडी लागते, ही गोष्ट मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते. मुलांना ती दोरी ओढताच कळली. मग ताईंनी प्रत्येकाला स्वतःच्या दंडाची बेटकुळी दुसऱ्या हाताने चाचपायला लावली. तालमींच्या या गावात त्यासाठी वेगळे प्रोत्साहन द्यावे लागले नाही.

फुप्फुसांसाठी तळ कापलेली प्लास्टिकची बाटली, आत नळीला बांधलेला फुगा आणि तळाशी ताणून बसवलेला दुसऱ्या फुग्याचा पडदा अशी रचना होती. पडदा खाली ओढला की आतला फुगा आपोआप फुगतो. छातीखालचे श्वासपटल खाली सरकते, आत जागा वाढते आणि म्हणून हवा शिरते, हा क्रम मुलांनी पोटावर हात ठेवून स्वतः अनुभवला. मात्र फाटलेल्या फुग्याचे तुकडे सतरंजीवर तसेच राहिले होते. असा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकला तर जीवावर बेतते, तेव्हा फुगे ताईंनीच हाताळावेत आणि तुकडे तत्काळ उचलावेत.

हृदय बदामाच्या आकाराचे न काढता ज्याच्या-त्याच्या मुठीएवढे मातीचे करून घेतले, हे योग्यच झाले. उड्या मारून झाल्यावर पुठ्ठ्याची नळी मित्राच्या छातीला लावून ठोके ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. परंतु सोबतच्या चित्रात काही रक्तवाहिन्या निळ्या रंगवायच्या होत्या आणि त्याचा खुलासा कोणी केला नाही. रक्त लालच असते, प्राणवायू कमी झाला की ते गडद लाल होते, एवढे एक वाक्य पुरले असते. माझी मुलगी मात्र घरी येऊन अंगात दोन रंगांचे रक्त असल्याचे सांगू लागली.

आतड्यासाठी सहा मीटर लोकर व्हरांड्यात पसरली, मोठ्या माणसाचे लहान आतडे साधारण एवढे लांब असते असे सांगितले आणि मग ती सगळी कागदी पोटात गुंडाळून बसवायला लावली.

सांगाड्याचा दिवस मात्र फसला. कापसाच्या काड्या आधीच मापात कापून ठेवलेल्या असल्याने मुलांकडे केवळ चिकटवण्याचे काम उरले, आणि २०६ हा आकडा सर्वांकडून वदवून घेण्यात आला. तो मोठ्या माणसाचा आकडा आहे. लहान मुलांची कित्येक हाडे अजून एकमेकांना जोडली जायची असल्याने त्यांची संख्या याहून अधिक असते.

एक उणीव मला गंभीर वाटते. खाकी कागदावर मूल झोपवून काढलेल्या आकृतीवर सर्व अवयवांची नावे लिहिली, गुप्तांगांची तेवढी वगळली. पालकांना विश्वासात घेऊन ती नावे सरळ सांगायला हवीत, कारण कोणी नको तिथे हात लावला तर ते सांगण्यासाठी मुलाजवळ शब्द असावा लागतो.

शुल्क वाजवी आहे आणि साहित्य त्यातच मिळते. चार वर्षांखालील मूल पाठवणार असाल तर सोबत स्वतः बसावे. त्याहून मोठ्यांना निःशंकपणे पाठवावे.