नऊ महिने, एक क्ले बार आणि तीनदा झालेला कपाळमोक्ष

परवा सकाळी डिकीचा खालचा काठ घासताना क्ले बारचा, म्हणजे गाडीच्या रंगावर रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ वडीचा, तुकडा हातातून निसटला. नऊ महिन्यांतली ही तिसरी वेळ. पडला तो नेमका ओल्या फरशीवरच्या बारीक वाळूत. उचलून पाहिलं तर एका बाजूला खड्यांची नक्षीच उठली होती. नियम सगळ्यांना पाठ आहे: पडलेला क्ले टाकून द्यायचा, परत पेंटला लावायचा नाही. मला राग आहे तो याच नियमाचा.

जरा विचार करा. वस्तू साबणाच्या वडीसारखी. वापरायची ती बुळबुळीत स्प्रे भरपूर मारून. हात ओले, गाडी ओली, बोटांना पकड नाही. आणि अट काय, तर पडू द्यायची नाही! ज्याने हे ठरवलं त्याच्या हातातून आयुष्यात कधी साबण निसटला नसावा.

नियम चुकीचा नाही, हे मान्य करतो. पहिल्यांदा पडला तेव्हा मी तो धुतला, निरखला, नखाने चार खडे काढले आणि 'झाला स्वच्छ' म्हणून घडी घालून पुढे निघालो. मागच्या दारावर दोन वीत लांबीचा ओरखडा उठला. खडा चिकटत नाही, आत रुततो. क्ले मळून घडी घातली की खडा आणखी आत जातो आणि पुढच्या घडीला वर येतो. ओरखडा अजून आहे. शेजारचे काका भेटले की विचारतात, 'कुणी मारला?' मी म्हणतो, 'पार्किंगमध्ये कुणीतरी.'

आता हे लचांड मी घेतलंच का? गाडी पांढरी. दोन वर्षांत मागच्या बाजूला आणि दारांच्या खालच्या भागात नारिंगी ठिपके दिसायला लागले, टाचणीच्या टोकाएवढे. शाम्पूने जाईनात. एका गॅरेजवाल्याने 'पत्रा गंजतोय, दोन पॅनेल रंगवून घ्या' असं सांगितलं. मी जवळजवळ तयार झालो होतो. पत्रा गंजतच नव्हता. ब्रेक लागताना डिस्क आणि पॅडमधून लोखंडाचे तापलेले कण उडतात, क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बसून रुततात आणि पाणी लागलं की तिथेच गंजतात. गंज कणाला असतो, गाडीला नाही. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरही हेच होतं. पांढऱ्यावर दिसतं, काळ्यावर लपतं, एवढाच फरक.

पहिल्या वापराचा आनंद मात्र खरा होता. पिशवीची परीक्षा करून पाहिली नसेल तर कराच. धुतलेल्या गाडीवर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटं हलकेच फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पेंट पिशवीतून सँडपेपरसारखा लागतो. बॉनेटचा अर्धा भाग क्ले केला आणि पुन्हा पिशवी फिरवली. एका बाजूला खरखर, दुसऱ्या बाजूला काही नाही, काच. घरातल्या प्रत्येकाला बोलावून पिशवीत हात घालायला लावला. बायको म्हणाली, 'छान आहे, पण दिसत तर काहीच नाही.' तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं, इतकं नेमकं परीक्षण मलाही जमलेलं नाही.

कारण क्ले चकाकी देत नाही. वेष्टनावर 'पेंट नवा करतो' असं काहीबाही लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. पृष्ठभागाच्या वर आलेलं जे काही असेल, म्हणजे लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, दुसऱ्याच्या रंगकामाचा उडालेला फवारा, ते तो ओढून काढतो. पृष्ठभागाच्या खाली जे गेलं तिथवर तो पोचत नाही. स्वर्ल मार्क (उन्हात दिसणारी बारीक गोल रेषांची जाळी), ओरखडे, खाऱ्या पाण्याच्या थेंबांनी कोरलेली वर्तुळं, उन्हाने फिका पडलेला रंग, हे सगळं पॉलिशचं काम.

आणि उलट तो स्वतःच बारीक ओरखडे पाडू शकतो. हे मला भावाच्या गाडीवर कळलं. त्याची गाडी काळी. मी मोठ्या तोऱ्यात 'दे इकडे, दोन तासांत काच करतो' म्हणालो. स्प्रे संपत आला होता. क्लेच्या वडीबरोबर जी बाटली येते ती निम्म्या गाडीत संपते, वडी मात्र उरते. हा हिशेब कुणी मुद्दाम केला असावा असा माझा दाट संशय आहे. नवी बाटली घ्यायची नाही म्हणून मी उरलेल्या स्प्रेत पाणी घातलं. मग आणखी पाणी घातलं. क्ले मध्येच अडकतोय, चिकटतोय हे हाताला कळत होतं, पण मी जोर वाढवला. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली भावाने बॉनेट पाहिलं आणि फोन केला. बॉनेटभर धुरकट, बारीक रेषांची जाळी. ती काढायला पॉलिशिंगवर जे पैसे गेले त्यात स्प्रेच्या कितीतरी बाटल्या आल्या असत्या. ते मी दिले, हे इथे नमूद करतो.

त्या दिवशी मी क्लेला शिव्या घातल्या. दोन-तीन महिन्यांनी मत बदललं. दोष माझ्या कंजूषपणाचा होता आणि वडीच्या जातीचाही: मी मध्यम प्रतीची घेतली होती, घरच्या गाडीला बारीक प्रतीची पुरते. मुळात हा पदार्थ नुसती माती नव्हे, मऊ प्लास्टिकसारख्या लगद्यात बारीक अपघर्षक कण असतात. जपानच्या तदाओ कादाते यांच्या नावावरच्या अमेरिकी पेटंटमध्ये याला चक्क 'लवचिक घासणदगड' अशा अर्थाचं नाव दिलंय. दुकानात हेच नाव छापलं असतं तर मी भावाच्या गाडीला हात लावला नसता. क्लिअर कोट सर्वसाधारणपणे ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पातळ. त्यावर कोरडा घासणदगड फिरवल्यावर दुसरं काय होणार?

आता माझी पद्धत अशी. गाडी सावलीत, पत्रा थंड. वडीचे चार तुकडे करायचे, कारण पडेल तेव्हा पाव जावा, पूर्ण नाही. (ही युक्ती दुसऱ्या अपघातानंतर सुचली.) एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग, स्प्रे सढळ हाताने, हात सरळ रेषेत, गोल गोल नाही. वजन तुकड्याचंच, आपलं नाही. तुकडा मळकट झाला की घडी घालून नवी बाजू. मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, पेंट असेल तर हा उद्योगच करू नका.

आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं औषध, मारायचं. पांढऱ्या पत्र्यावरून जांभळे ओघळ वाहायला लागतात, लोखंड विरघळतंय हे डोळ्यांना दिसतं. वास असह्य, केस कुरळे करायच्या औषधासारखा, आणि ते साहजिकच आहे, कारण दोन्हींत रसायनं एकाच कुळातली. पण माझ्या गाडीवरचे निम्म्याहून जास्त नारिंगी ठिपके हात न लावता गेले. क्लेला उरलं ते डांबर आणि चीक. घासणं कमी म्हणजे ओरखडे कमी, आणि निसटायची संधीही कमी.

वॅक्सचं सगळ्यांना माहीत असेल, मला नव्हतं. क्ले जुनं वॅक्स, म्हणजे रंगावर लावलेला मेणासारखा थर, तोही काढून नेतो. मी पहिल्यांदा नुसता पाण्याने धुऊन महिनाभर गाडी तशीच फिरवली आणि पावसाचे थेंब पूर्वीसारखे गोळा होऊन का घरंगळत नाहीत म्हणून शाम्पूला दोष देत बसलो.

अनपेक्षित सुख समोरच्या काचेने दिलं. उरलेल्या तुकड्याने सहज काच घासली आणि वर्षभर थरथरत, कुरकुरत चालणारा वायपर गप्प झाला. नवीन ब्लेड घेऊनही जे झालं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं. माझ्यापुरते वडीचे पैसे तिथेच वसूल झाले. पेंटचं काय ते भाऊ सांगेल.

आता क्ले मिट घ्यावा का, हा विचार चाललाय. रबरासारखा थर असलेला हातमोजा. पडला तर धुऊन परत वापरता येतो. माझ्या तक्रारीवरचा उपायच तो. एका मित्राचा मागून वापरून पाहिला. काम भराभर होतं, पण बोटांना काही कळत नाही. तुकडा खरखरायचा थांबतो तो क्षण हाताला लागतो, मोज्यात तो हरवतो. दाराच्या हँडलमागच्या खाचेतही तो जात नाही. आणि मोजा घेतला तर उरलेल्या वडीचं करायचं काय?

चारपैकी दोन तुकडे गेले, एक मी 'चाकांसाठी' म्हणून डबीत जपून ठेवलाय. खडे त्यातही आहेत आणि अलॉय चाकांवरही ओरखडे उठतात हे मला ठाऊक आहे. टाकवत नाही. चौथ्या तुकड्यासाठी परवापासून गाडीखाली जुनी चादर अंथरतो. बायकोने विचारलं, 'ही चादर धुणार कोण?'